मानसोपचार रुग्णालयातून डिस्चार्ज किंवा ट्रान्सफर : घरच्या माणसांसाठी पायरीपायरीने

घरातलं माणूस मानसोपचार रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात भरती असलं, की त्याला बाहेर कसं आणायचं याबद्दल जो तो वेगळं सांगतो. गेटवरचा वॉचमन म्हणतो, कोर्टाची ऑर्डर आणा. वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, ज्यांनी भरती केलं त्यांचीच सही चालते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक सांगतात, तीन महिने भरल्याशिवाय सोडतच नाहीत. माझ्या धाकट्या भावाला एका खासगी रुग्णालयातून घराजवळ हलवताना आणि पुढे घरी आणताना ही सगळी वाक्यं मी ऐकली आहेत. कायदा वाचल्यावर कळलं की यातलं काहीच सरसकट खरं नाही.

आज लागू असलेला कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याआधीच्या १९८७ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने भरती करण्याची पद्धत होती, म्हणून ‘कोर्टाची ऑर्डर’ अजून लोकांच्या तोंडात आहे. आता नेहमीच्या भरतीला कोर्ट लागत नाही आणि डिस्चार्जलाही लागत नाही. अपवाद दोन : तुरुंगातून उपचारासाठी पाठवलेले कैदी, आणि मॅजिस्ट्रेटने तपासणीसाठी पाठवलेली व्यक्ती. दुसऱ्या प्रकारात रुग्णालयात ठेवण्याची मुदत जास्तीत जास्त १० दिवस असते. या दोन्हींसाठी वकील गाठा, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

हा कायदा फक्त ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांना लागू आहे असं समजू नका. खासगी मानसोपचार रुग्णालयं, सिव्हिलचा मानसोपचार वॉर्ड, मानसिक आजाराची माणसं भरती करून ठेवणारी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची केंद्रं, हे सगळं यात येतं. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही कायद्याच्या व्याख्येत आहेत, त्यामुळे निवासी व्यसनमुक्ती केंद्रांनाही हेच नियम. मतिमंदत्व मात्र या व्याख्येत नाही, म्हणून मतिमंदांच्या निवासी शाळांचे नियम वेगळे. साधा वृद्धाश्रमही यात येत नाही.

१. भरती कोणत्या कलमाखाली आहे, ते आधी विचारा

सगळ्यात आधी हे करा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. किती दिवस झाले, बिल किती झालं, डॉक्टर काय म्हणतात, हे सगळं नंतर. फाइल बघणाऱ्या डॉक्टरांना किंवा सोशल वर्करना सरळ विचारा : ‘पेशंटची भरती ८६ खाली आहे, ८९ खाली की ९० खाली?’ उत्तर भरतीच्या फॉर्मवर असतं. त्या फॉर्मची प्रत मागून घ्या.

कलम ८६ म्हणजे स्वतंत्र भरती. अठरा वर्षांवरील व्यक्ती स्वतःहून भरती झाली, सही तिचीच. इथे नातेवाइकांची संमती ना भरतीला लागते, ना डिस्चार्जला.

कलम ८७ म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांची भरती.

कलम ८९ म्हणजे सपोर्टेड ॲडमिशन. आजारामुळे व्यक्तीला स्वतः निर्णय घेणं शक्य नाही, तिने नुकताच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा प्रयत्न केला आहे किंवा तशी धमकी दिली आहे, किंवा स्वतःची काळजी घेणं तिला इतकं जमत नाही की जिवाला धोका आहे, अशा स्थितीत तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे तिच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या, अर्जावर ही भरती होते (तो कोण, ते मुद्दा २ मध्ये). त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस.

कलम ९० म्हणजे ३० दिवसांपुढची भरती. इथे तपासणारे दोघेही मानसोपचारतज्ज्ञ असावे लागतात, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते (पुढे नुसतं ‘मंडळ’ म्हटलंय ते हेच, त्यावर कोण असतं ते मुद्दा ८ मध्ये). पहिली मुदत ९० दिवसांपर्यंत, पुढची वाढ १२० दिवसांपर्यंत, त्यानंतर दर वेळी १८० दिवसांपर्यंत.

बऱ्याच घरांची गफलत इथेच होते. आपण गाडी करून नेलं, आपण पैसे भरले, म्हणजे भरती आपल्या सहीने झाली, असं घरचे धरून चालतात. फॉर्मवर पेशंटची सही असेल तर तो स्वतंत्र रुग्ण आहे. उलटही घडतं. ‘तो स्वतःहून आलाय’ असं तोंडी सांगतात आणि कागद ८९ चा निघतो. म्हणून कागद बघा.

व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. तिथे तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं ‘पॅकेज’ घेतात आणि मुदत भरेपर्यंत माणूस सोडणार नाही म्हणतात. पॅकेज हा पैशांचा हिशोब झाला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे केंद्राची नोंदणी आहे का, हेही त्याच दिवशी विचारा. ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही’ असा नियम सांगितला तर कलम २६ दाखवा : भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा किंवा नाकारण्याचा, आणि फोनवर बोलण्याचा हक्क भरती असलेल्या व्यक्तीचा आहे.

२. नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे पक्कं करा

‘ज्यांनी भरती केलं त्यांचीच सही’ या वाक्यामागे खरी गोष्ट एवढीच आहे की सपोर्टेड ॲडमिशनमध्ये नामनिर्देशित प्रतिनिधीला महत्त्व असतं. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. मित्र असला तरी चालतो. नेमणूक केव्हाही बदलता येते.

कुणालाच नेमलेलं नसेल तर कायद्यात क्रम दिला आहे : आगाऊ निर्देशात (आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे पेशंटने आधीच लिहून ठेवलेला कागद, मुद्दा १०) नाव असलेली व्यक्ती, मग नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, मग मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती. यातलं कुणीच नसेल तर समाजकल्याण विभागाचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस.

भावाभावांत किंवा सासर-माहेरात मतभेद असतील तर हा कागद भरतीच्या काळातच करून घ्या. पेशंट शांत असताना, डॉक्टरांच्या समोर. डिस्चार्जच्या दिवशी दोन नातेवाईक दोन टोकांची मागणी घेऊन उभे राहिले की रुग्णालय हात झटकतं आणि माणूस आतच राहतो.

एक मात्र लक्षात ठेवा. प्रतिनिधी होणं म्हणजे मालमत्तेचा किंवा बँक खात्याचा ताबा मिळणं नाही. हा कागद बँकेत चालत नाही, आणि तो तिथे वापरायचा प्रयत्नही करू नका.

३. कागदपत्रं गोळा करा

एका फाइलमध्ये हे सगळं असू द्या :

- भरतीच्या फॉर्मची प्रत
- प्रतिनिधीच्या नेमणुकीचा कागद आणि त्याची संमती
- पेशंटचं आणि प्रतिनिधीचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा
- उपचारांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, रक्ताचे रिपोर्ट
- आत्तापर्यंतच्या पावत्या, विम्याचे कागद
- भरतीच्या वेळी जमा केलेल्या वस्तूंची यादी : मोबाइल, आधार कार्ड, अंगठी, पैसे
- ९० खालची भरती असेल तर मंडळाच्या आदेशाची प्रत
- तुम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच

नोंदी मिळण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे. शिवाय डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. पोच द्यायला तयार नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा.

४. डिस्चार्जचा अर्ज द्या

स्वतंत्र रुग्ण असेल तर अर्ज त्यानेच करायचा. कलम ८८ नुसार मागणी केल्यावर त्याला ताबडतोब सोडावं लागतं. यात रुग्णालयाला एकच सवलत आहे. व्यक्तीला आपल्या निर्णयाचा अर्थ समजत नाही, किंवा तिने नुकताच इजेचा प्रयत्न केला आहे, अशी शंका असेल तर २४ तास थांबवून तपासणी करता येते. त्या २४ तासांत एक तर ८९ खाली रीतसर भरती, नाही तर डिस्चार्ज. ‘सोमवारी मोठे डॉक्टर येतील, मग बघू’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

सपोर्टेड ॲडमिशन असेल तर डॉक्टरांनी दर सात दिवसांनी पेशंटची निर्णयक्षमता तपासून नोंद करायची असते. अर्जात या नोंदींची प्रत मागा. भरतीचे निकष संपले की ३० दिवस भरायची वाट बघायची नसते, सपोर्टेड भरती तिथेच संपते. पेशंटला आणखी थोडे दिवस राहावंसं वाटलं तर तो स्वतंत्र रुग्ण म्हणून राहू शकतो. माझ्या भावाने तसंच केलं होतं. स्वतःच्या सहीने राहिल्यावर त्याचं औषध घेणंही बदललं. त्याआधी गोळी त्याच्या हातावर ठेवली जायची, नंतर तो कसली गोळी ते विचारून घ्यायला लागला.

३० दिवस उलटून गेले आणि ९० खालची कार्यवाही झालेली नसेल, तर ८९ चा कागद संपलेला आहे. हे तुमच्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहा. ९० मध्ये रुग्णालयाने मंडळाला सात दिवसांत कळवायचं असतं आणि मंडळाने २१ दिवसांत परवानगी द्यायची किंवा डिस्चार्जचा आदेश काढायचा असतो.

मुलांच्या बाबतीत, म्हणजे ८७ मध्ये, प्रतिनिधीने भरतीला पाठिंबा काढून घेतला किंवा डिस्चार्ज मागितला की मुलाला सोडावं लागतं. मुलाची भरती ७२ तासांत मंडळाला कळवलेली असली पाहिजे, तेही विचारा.

अर्ज लांबलचक नको. एवढा पुरतो :

‘प्रति, वैद्यकीय अधिकारी. विषय : डिस्चार्ज मिळण्याबाबत. महोदय/महोदया, (नाव) यांची भरती दि. (तारीख) रोजी कलम (क्रमांक) खाली झाली आहे. मी त्यांचा/त्यांची नामनिर्देशित प्रतिनिधी आहे. त्यांचा डिस्चार्ज व्हावा अशी त्यांची आणि माझी मागणी आहे. तपासणी करून लेखी निर्णय द्यावा. डिस्चार्ज नाकारत असल्यास कारणं लिहून द्यावीत. कलम ९८ प्रमाणे पुढील उपचारांची योजना करण्यासाठी चर्चेची वेळ द्यावी.’

खाली तारीख आणि सही. पेशंटची सही मिळाली तर उत्तमच.

‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ असा छापील कागद पुढे केला जाईल. कायद्याने हक्काचा डिस्चार्ज असताना त्यावर घाईने सही करू नका. डॉक्टरांचं खरंच वेगळं मत असेल तर ते त्यांनी कारणांसह लिहावं, आणि तुम्ही तुमचं म्हणणं त्याच कागदावर लिहा. हा शेरा पुढे विम्याच्या दाव्यात आणि नव्या डॉक्टरांसमोर अडचणीचा ठरू शकतो. डॉक्टरांचं म्हणणं धुडकावून लावा असं मी सांगत नाही. आत्महत्येचा धोका आहे असं ते म्हणत असतील तर बसून नीट ऐका. कायद्याचा मान राखायचा तो पेशंटच्या जिवासाठीच.

५. ट्रान्सफर हवी असेल तर ‘डिस्चार्ज’ घेऊ नका

दूरच्या रुग्णालयातून जवळच्या रुग्णालयात न्यायचं असेल तर पहिला मोह होतो तो इथून डिस्चार्ज घ्यायचा आणि तिथे नवी भरती करायची. सपोर्टेड पेशंटच्या बाबतीत हा मोह आवरा. कलम ८९ मध्येच लिहिलं आहे की या कलमाखालून डिस्चार्ज झालेल्या व्यक्तीला पुढचे सात दिवस त्याच कलमाखाली पुन्हा भरती करता येत नाही. सात दिवसांच्या आत भरती लागलीच तर ती ९० खाली धरली जाते, म्हणजे दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी आली. अर्ध्या वाटेवर, अस्वस्थ माणूस गाडीत असताना हे कळणं फार वाईट.

यासाठीच कलम ९३ आहे. ८७, ८९ किंवा ९० खाली भरती असलेल्या व्यक्तीला मंडळाच्या आदेशांच्या अधीन राहून राज्यातल्या दुसऱ्या रुग्णालयात हलवता येतं. त्याआधी पेशंटला आणि त्याच्या प्रतिनिधीला हलवण्याची सूचना आणि कारण द्यावं लागतं. हे दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. तुम्हाला हलवायचं असेल तर याच कलमाखाली अर्ज करा. आणि रुग्णालयच तुम्हाला न सांगता पेशंटला दुसरीकडे पाठवायला निघालं असेल तर याच कलमावर बोट ठेवा.

स्वतंत्र रुग्णाला ९३ लागत नाही. तो डिस्चार्ज घेऊन हव्या त्या ठिकाणी जातो.

राज्य बदलत असेल तर काम वाढतं. सीमाभागातल्या आणि बाहेर नोकरी करणाऱ्या मराठी घरांना हे वारंवार लागतं : धारवाडहून कोल्हापूरला, बांबोळीहून सिंधुदुर्गात, बंगळुरूहून पुण्याला. कलम ९३ नुसार परराज्यातल्या ट्रान्सफरला केंद्रीय मानसिक आरोग्य प्राधिकरणाची संमती लागते. तब्येत सुधारत असेल तर आधी स्वतंत्र रुग्ण होऊ द्यावं आणि मग प्रवास करावा, हा बराच सोपा मार्ग आहे. मी तरी हाच सुचवीन.

अर्जात कारण लिहिताना ‘सोयीचं पडेल’ असं लिहू नका. कलम १८ म्हणतं की मानसिक आजाराच्या व्यक्तीला उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तिच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळाव्यात. तेच लिहा.

निघण्याआधी हे पाहा :

- नव्या रुग्णालयाने खाट असल्याचं आणि घेणार असल्याचं लेखी किंवा निदान मेसेजवर कळवलं आहे का
- दोन्हीकडच्या डॉक्टरांचं आपसांत बोलणं झालं आहे का
- औषधांचा तक्ता आणि शेवटचा डोस कधी दिला याची वेळ लिहून मिळाली आहे का
- दीर्घकाळ परिणाम करणारं इंजेक्शन चालू असेल तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख
- लिथियम चालू असेल तर रक्तातल्या पातळीचा शेवटचा रिपोर्ट. क्लोझापिन असेल तर रक्तपेशींचा रिपोर्ट

क्लोझापिन या औषधाबद्दल जास्त काळजी घ्या. ते दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलं तर पुन्हा कमी डोसपासून सुरू करावं लागतं. ट्रान्सफरच्या धावपळीत गोळ्या राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी जुनाच डोस दिला, असं होऊ देऊ नका. डॉक्टरांना फोन करा.

गाडीबद्दलही स्पष्ट सांगते. ‘पेशंट उचलून नेऊन देतो’ म्हणणारी माणसं मिळतात. दोरीने बांधून, तोंड दाबून नेतात. हे करू नका आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका. बांधून ठेवण्याबद्दल कायदा कडक आहे. रुग्णालयातसुद्धा, तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्या वेळासाठीच ते करता येतं, आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. नर्स असलेली रुग्णवाहिका मागा. पेशंटला आदल्या दिवशीच सांगा की कुठे जातोय, का जातोय, सोबत कोण आहे. फसवून नेलेला माणूस पुढे कित्येक महिने कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि औषधांचा सगळा डोलारा त्या विश्वासावर उभा असतो.

६. घरी आणण्याआधी योजना लिहून घ्या

कलम ९८ फार कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते घरच्यांच्या सगळ्यात कामाचं कलम हेच. प्रत्येक डिस्चार्जच्या वेळी, मग तो घरी असो, दुसऱ्या रुग्णालयात असो की दुसऱ्या डॉक्टरांकडे, जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाने पेशंट, त्याचा प्रतिनिधी, ज्याच्याकडे तो राहणार आहे ती व्यक्ती आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर, या सगळ्यांशी बोलून पुढच्या उपचारांची योजना तयार करायची असते. हातात डिस्चार्ज कार्ड आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या देणं म्हणजे योजना नव्हे.

या बैठकीत पेशंटला बोलू द्या. आमच्या बैठकीत आई आणि मी आमच्याच चिंता सांगत राहिलो असतो, पण डॉक्टरांनी आधी भावाला विचारलं. तो म्हणाला, सकाळच्या गोळीने झोप येते आणि मला दुकानात बसायचंय. ती गोळी रात्रीवर गेली. दुकान सुरू झालं. आम्हाला त्याच्या झोपेचा त्रास आळस वाटत होता, ते त्या दिवशी स्पष्ट झालं.

योजनेत काय हवं ते लिहून न्या : कोणतं औषध किती वाजता, आणि चुकलं तर काय करायचं. तपासणीची पुढची तारीख आणि कुठे. सिव्हिलची मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते. आजार पुन्हा वर येतोय हे कशावरून ओळखायचं, म्हणजे याच पेशंटची खूण, पुस्तकातली नव्हे : झोप उडते, फोन फार करतो, अंघोळ बंद होते. तसं झालं तर पहिला फोन कुणाला. कामावर कधी, किती तास. पैसे कोण सांभाळणार. घरात दारू, कीटकनाशक, जास्तीच्या गोळ्या आहेत का. शेतकरी घरात या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला संकोच करू नका. फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात जायला हवं.

एकदम घरी आणायची भीती वाटत असेल तर कलम ९१ खाली रजेवर सोडण्याची सोय आहे. सणाला, लग्नाला किंवा नुसतंच दोन दिवस घरी आणता येतं. त्या दोन दिवसांत काय जमलं, काय अडलं, ते योजनेच्या बैठकीत सांगा.

७. बिल आणि वस्तू

बिलावरून वाद असला तरी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट लिहिलं आहे. बाकी रक्कम लेखी मान्य करा, वाद असेल तर लेखी नोंदवा, वसुलीचे मार्ग रुग्णालयाला वेगळे आहेत. विमा असेल तर कलम २१ लक्षात ठेवा : शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजाराला द्यावा लागतो.

वस्तू यादीप्रमाणे मोजून घ्या. आधार कार्ड आणि मोबाइल आधी.

८. अडवलं तर

पहिली तक्रार रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांकडे, लेखी. त्याने काम झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. मंडळावर जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य असे की जे स्वतः मानसिक आजारातून गेलेले, काळजी घेणारे किंवा संस्थांचे प्रतिनिधी असतात. मंडळाचा पत्ता आणि फोन रुग्णालयात दर्शनी जागी लावलेला असला पाहिजे. अर्जाचा नमुना रुग्णालयानेच द्यायचा असतो, मंडळाला फोन करायचा असेल तर तोही फुकट करू द्यायचा असतो.

अर्ज पेशंट करू शकतो, प्रतिनिधी करू शकतो, आणि पेशंटच्या संमतीने नोंदणीकृत संस्थाही करू शकते. फी नाही. विशेष परिस्थितीत भरती असलेली व्यक्ती तोंडी किंवा फोनवरूनही अर्ज करू शकते. ८७ किंवा ८९ खालच्या भरतीला आव्हान असेल तर मंडळाने सात दिवसांत निकाल द्यायचा असतो, ९० खालच्या भरतीला २१ दिवसांत, बाकी बहुतेक अर्जांना ९० दिवसांत. म्हणून अर्जाच्या पहिल्या ओळीत कलम लिहा, नाहीतर तो ‘बाकी’मध्ये जाऊन पडेल. सुनावणी बंद दाराआड होते, वकील नसला तरी चालतो. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं.

वकील हवा असेल तर कलम २७ खाली मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम १०८ मध्ये आहे. हे वाक्य भांडणात वापरू नका, अर्जात एका ओळीत येऊ द्या. वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशी रात्री तुमच्या माणसाजवळ असतात. त्यांच्याशी गोडीने बोला.

९. घरचेच नको म्हणत असतील तर

आता सगळ्यात अवघड प्रकार. पेशंट बरा आहे, डॉक्टर सोडायला तयार आहेत, आणि न्यायला कुणी येत नाही. पत्ता चुकीचा दिलेला असतो, फोन बंद असतो. बायकांच्या वाट्याला हे फार येतं. नवऱ्याने दाखल केलं, दुसरं लग्न केलं, माहेरी आईवडील राहिले नाहीत. कायद्याचं कलम १९ अशा माणसांसाठी लिहिलं आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही, किंवा समाजात राहण्याची सोय उपलब्ध नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. कुटुंबाने टाकलेल्या व्यक्तीला कायदेशीर मदतीसह आधार देणं, स्वतःच्या घरात राहण्याचा तिचा हक्क मिळवून द्यायला मदत करणं, ही सरकारची जबाबदारी आहे. हाफवे होम, ग्रुप होम, म्हणजे रुग्णालयाबाहेर आधारासह राहण्याची घरं, उभारणं हीसुद्धा सरकारची जबाबदारी.

तुम्ही बहीण, मावशी, मैत्रीण, जुनी शेजारीण असाल आणि कुणाला असं आत अडकलेलं पाहत असाल, तर तुम्हीही बरंच करू शकता. तिला साध्या कागदावर तुम्हाला प्रतिनिधी नेमता येतं. मग तुम्ही मंडळाकडे अर्ज करू शकता. विवाहित स्त्रीला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, तो आजाराने संपत नाही. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मिळतो. लगेच घरी जाणं तिच्या हिताचं नसेल तर हाफवे होममध्ये हलवण्याची मागणी करा आणि तिला तिथे जायचंय का, हे आधी तिला विचारा.

१०. आणि पुढच्या वेळेसाठी

घरी आल्यावर पहिले काही आठवडे नाजूक असतात. ओपीडीची पहिली तारीख चुकवू नका, पेशंट ठणठणीत दिसला तरी. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

सगळं स्थिरावलं की पेशंटशी बोलून कलम ५ खालचा आगाऊ निर्देश करून घ्या. पुन्हा कधी निर्णयक्षमता गेली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे त्यात तो स्वतः लिहितो. नमुना आणि नोंदणीची माहिती मंडळाकडे मिळेल. भावाने त्याच्या निर्देशात माझं नाव प्रतिनिधी म्हणून घातलं आहे, आणि खाली लिहिलंय की गाडीत बसवण्याआधी मला कुठे नेताय ते सांगा.